ठासणीची बंदूक आणि आमचे हे

मला बंदुकांची आवड नाही. हे आधीच सांगते, कारण घरी येणारी माणसं भिंतीवरची बंदूक बघतात आणि मग माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. बंदूक आमच्या ह्यांची. दोन नळ्यांची, ठासणीची, दीडशे वर्षांच्या आसपासची. मी तिच्यावरची धूळ पुसते, जशी टीव्हीवरची पुसते.

२०११ साली आम्ही दोघं ऑकलंडला मुलीकडे कायमचे राहायला आलो. मुलगी इथे हॉस्पिटलात नर्स, जावई कॉम्प्युटरमधला. एक नात, तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. घर अवोन्डेलला. हे एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावरही रोज डेपोत जाऊन बसायचे. इथे डेपो कुठला? पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी मुलीच्या घरातली प्रत्येक बिजागरी काढून परत बसवली. जावई सज्जन, नुसता आंघोळीला जाताना आधी दार हलवून बघायचा.

रविवारी अवोन्डेलला मोठा बाजार भरतो. भाजी, मासळी, इथल्या बेटांवरचे कंद, आणि एका कडेला जुन्या सामानाची टेबलं. मी मेथी निवडत होते. मागून ह्यांचा आवाज आला, "अगं, इकडे ये! दारूचं माप आहे हे!"

"हळू बोला," मी म्हटलं. "पाठीमागे देवळातल्या बाई उभ्या आहेत."

ह्यांच्या हातात तांब्याचा एक लहान बुधला होता, वर बारीक नळी आणि कमानीचं झाकण. कमान दाबली की बंदुकीची दारू मोजून तेवढीच बाहेर पडते. टेबलामागे एक गोरा म्हातारा उभा होता. अंगात जाड लोकरीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, पायात जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. ह्यांना इंग्रजी जेमतेम येतं आणि त्याचं बोलणं तोंडातल्या तोंडात. मग ह्यांनी हातानं दाखवलं. हवेत दारू ओतली, बोळा घातला, गजानं ठासलं, छर्रे टाकले, पुन्हा बोळा, पुन्हा ठासलं, ठिणगीची टोपी बसवली, घोडा ओढला आणि तोंडानं "ठो!" केलं. म्हाताऱ्यानं ते नीट बघितलं आणि स्वतः सगळं पहिल्यापासून करून दाखवलं. बाजाराच्या मधोमध दोन म्हातारे हवेत बंदूक ठासत उभे. मी मेथीची पिशवी घेऊन घरी आले. हे जेवायच्या वेळेला आले, बुधला घेऊन आणि म्हाताऱ्याचा फोन नंबर घेऊन.

आमचं गाव तळकोकणात. सासऱ्यांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भात लोळवायची आणि वानर नारळ फोडायचे, म्हणून. तिला काडतूस नसतं. सगळं नळीच्या तोंडातून भरायचं, एकेक करून, आणि एक बार काढायला केवढा तरी वेळ. डुक्कर तोवर पलीकडच्या वाडीत. माझं काम काथ्या पिंजून बोळे करायचं. दारू आणि छर्रे जागेवर बसावेत म्हणून मध्ये आणि वर बोळा लागतो. सासरे वारले तेव्हा हे डेपोत, दुसऱ्या जिल्ह्यात. परवाना कुणाच्या नावावर करायचा यावर भावाभावांत बोलणं झालं आणि शेवटी बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. गावी गेलो की ठाण्यावरून जाताना ह्यांची मान त्या बाजूला वळायची.

म्हातारा जुन्या बंदुकांच्या क्लबात होता. शहराच्या उत्तरेला, मेंढ्यांच्या रानात त्यांची जागा. तिथे ठासणीच्या बंदुकांनी उडत्या बशा फोडतात. मारणाऱ्यानं हाक देऊन बशी मागितली की यंत्रानं मातीची बशी हवेत फेकायची आणि त्यानं ती खालून मारायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "बशीनं कुणाचं भात खाल्लंय?"

बंदूक चालवायची तर लायसन पाहिजे. हे परीक्षा पास झाले, ती कशी ते मुलीला माहीत. मग पोलिसांची एक बाई घरी आली. इथला नियम असा की माणूस कसा आहे ते त्याच्या बायकोला विचारायचं, आणि नवऱ्याला बाहेर बसवून विचारायचं. हा नियम मला आवडला. मुलगी दुभाष्या होती.

"ह्यांना राग येतो का?"

"येतो," मी म्हटलं. "राग न येणारा माणूस मी अजून बघितला नाही. राग आला की जेवत नाहीत. मग थोड्या वेळानं डबे उघडून बघतात."

मुलीनं ते तीन शब्दांत सांगितलं. बाईनं एकच शब्द लिहिला.

बंदुकीसाठी भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट लागतं. बाईनं ते हलवून बघितलं. मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे राहील." बाई म्हणाली, नाही. ज्याच्याकडे लायसन, त्याच्याचकडे किल्ली. घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठे असते हेही माहीत नको.

"लग्न झाल्यापासून घरातली प्रत्येक किल्ली माझ्या कमरेला आहे," मी म्हटलं. "ह्यांच्या हातात किल्ली दिली की ती हरवते. तुमच्या कायद्याला हे माहीत नसेल, तर तिला सांग गं."

"आई, प्लीज."

"सांग."

मुलीनं सांगितलं. बाई हसली, पण मान डोलावली नाही. मग ह्यांना आत बोलावून विचारलं, किल्ली कुठे ठेवाल? ह्यांनी शर्ट वर केला आणि कमरेचा करदोडा दाखवला. तिला करदोडा म्हणजे काय ते समजावण्यात मुलीचा घाम निघाला. लायसन मिळालं.

बंदूक त्या बाजारवाल्या म्हाताऱ्यानंच ह्यांना दिली. त्याच्याकडे अशा बऱ्याच होत्या, ही त्यातली सगळ्यात साधी. ह्यांनी ती महिनाभर खोलून, पुसून, तेल देऊन परत जोडली. आमच्या बिजागऱ्या वाचल्या.

क्लबात मीही जायला लागले. घरी बसून काय करायचं? म्हातारा त्याच्या गाडीतून न्यायचा. बाकीच्यांच्या बायका केक आणायच्या, मी थालीपीठ. कानाला आवाज अडवणारी मोठी बोंडं लावून घडीच्या खुर्चीत बसायचं. काळ्या दारूचा धूर पांढरा शुभ्र निघतो, आणि वारा नसेल तर मारणाऱ्यालाच दिसत नाही बशी फुटली की नाही. मग तो मागे वळून आम्हाला विचारतो. कितीदा तरी मी फुटली म्हणून सांगितलं. मला कुठे दिसत होतं?

पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी एक उद्योग केला. तिथले लोक बोळ्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या नाहीतर लोकरीच्या चकत्या वापरतात. ह्यांना त्या पसंत पडेनात. शेजारच्या न्यू लिनच्या दुकानातून सोलायचे नारळ आणवले आणि मला म्हणाले, "काथ्या पिंजून दे." मी दिला. हात विसरले नव्हते. ह्यांनी बार काढला, बशी फुटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पेटलेला काथ्या वाळक्या गवतात जाऊन पडला. कोकणात बार पावसाळ्यात, भातात, चिखलात. तिथे काथ्या पेटो नाहीतर विझो. इथे जानेवारीत भर उन्हाळा, गवत कापरासारखं. मेंढ्या एका बाजूला आणि क्लबातले सगळे वाकलेले म्हातारे दुसऱ्या बाजूला, जंडल्सनी गवत झोडताहेत. थोडक्यात विझलं. क्लबाच्या प्रमुखानं ह्यांना बाजूला नेऊन काय सांगितलं ते ह्यांना समजलं नाही, पण समजलं. परत येऊन म्हणाले, "तुझा काथ्या फार सुका होता."

"माझा काथ्या?"

"मग कुणाचा?"

घरी जाईपर्यंत म्हातारा गाडी चालवत होता आणि मागे आम्ही भांडत होतो. उतरताना तो म्हणाला, "स्वीट ऍज." इथे सगळं ठीक आहे असं सांगायचं असलं की तसं म्हणतात. त्याला एकही शब्द कळला नव्हता, पण भांडण कोणत्या जातीचं आहे ते कळलं होतं. त्याची बायको वारून बरीच वर्षं झाली होती.

ही झाली बार काढण्याची गोष्ट. ह्यांना त्याहून मोठा नाद लागला तो बंदूक केली कुणी, हे शोधायचा. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर कारागिराचं नाव कोरलेलं होतं. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर विलायतेतल्या एका लहान गावाचं आणि रस्त्याचं नाव. हे भिंग घेऊन बसायचे. फिटर माणूस, त्यांना स्क्रूचे आटे बघूनही कळायचं की हा हातानं काढलाय, पण माणूस कोण, ते आट्यावर लिहिलेलं नसतं. शनिवारी नातीला घेऊन लायब्ररीत जायचे. नात कॉम्प्युटरवर शोधायची आणि हे शेजारी बसून मराठीत सूचना द्यायचे. तिथली बाई त्यांना ओळखायला लागली होती. ह्यांच्यासाठी तिनं परदेशातल्या जुन्या वर्तमानपत्रांची पानं उघडून द्यायला सुरुवात केली.

दोनेक वर्षं गेली. त्या नावाचा कारागीर सापडला, पण त्याचं दुकान दुसऱ्याच रस्त्यावर. हे हिरमुसले. म्हणाले, माणूस आपला नव्हे. मग एक दिवस नात धावत आली, "आजी, it was the wife!" आणि मागून हे, चष्मा कपाळावर.

झालं होतं असं. कारागीर तरणाच वारला. त्याच्या बायकोनं पेपरात जाहिरात दिली की धंदा बंद नाही, दुकान नव्या जागी नेलंय, जुन्या गिऱ्हाइकांनी तिकडे यावं. ती नवी जागा म्हणजे आमच्या बंदुकीवरचा रस्ता. म्हणजे नाव नवऱ्याचं, पण बंदूक तिच्या वेळची.

"बाईनं बंदुका केल्या!" हे म्हणाले.

"केल्या नसतील. चार माणसांकडून करून घेतल्या असतील. अवघड तेच असतं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ते बंदुकीला 'बाई' म्हणायला लागले. बाईला तेल दिलं. बाई आज फार धक्के देत होती. मी विचारायचे, "सवतीची आंघोळ झाली का?" आणि हे म्हणायचे, "झाली. ती तुझ्यासारखी कटकट करत नाही."

आता पुढचं.

२०१७ च्या हिवाळ्यात हे विसरायला लागले. आधी मी लक्ष दिलं नाही. न्यू लिनला स्क्रू आणायला गेलेला पुरुष केळी घेऊन येतो, यात नवल ते काय? पण मग नातीला मुलीच्या नावानं हाक मारायला लागले, आणि मुलीला स्वतःच्या बहिणीच्या. मुलगी नर्स, तिला माझ्याआधी कळलं. ती डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवात आहे, बघत राहू, गाडी चालवत असतील तर बंद करा. गाडी हे चालवत नव्हतेच. बंदुकीचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही कुणी काढलं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तेवढा एकच आनंद उरलाय बाबांना." ते खरं होतं. क्लबाच्या दिवशी सकाळी हे न सांगता दाढी करून तयार असायचे.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी वारा होता आणि धूर लगेच उडून जात होता. सगळं स्वच्छ दिसत होतं. ह्यांनी उजव्या नळीत दारू घातली, चकती, ठासलं, छर्रे, वर चकती. तेवढ्यात बाजूच्यानं काहीतरी विचारलं. हे हसून बोलले, मग वळले, बुधला उचलला आणि पुन्हा उजव्याच नळीत दारू घातली. मी उभी राहिले. वाटलं, माझंच चुकलं असेल. ह्यांनी गज घेतला, ठासलं, छर्रे टाकले. डावी नळी तशीच. मग टोप्या बसवून बंदूक खांद्याला लावली.

नळीत दुप्पट बार झाला तर नळी फुटू शकते. जुनं लोखंड. डावा हात नळीखालीच असतो.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "उजवीत दोनदा घातलंत!"

मराठी तिथे कुणाला येत नाही, पण सगळे थांबले. शिस्त बघायला एक जण उभा असतो, त्यानं ह्यांच्या हातातून बंदूक घेतली, टोप्या काढल्या आणि उजव्या नळीत गज सोडला. गज जेवढा बाहेर राहायला पाहिजे त्याहून चार बोटं जास्त राहिला. डावीत सोडला, तर थेट तळाला. त्यानं तो गज तसाच सगळ्यांना दाखवला. मग गजाला स्क्रू लावून आतलं एकेक बाहेर काढलं.

हे लालबुंद झाले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चार माणसांत लाज काढलीस माझी."

"लाज गेली. हात राहिला."

"एवढं ओरडायचं काय कारण होतं?"

"कानाला बोंडं होती तुमच्या. कानात सांगायला यायला हवं होतं का?"

त्या रात्री जेवले नाहीत. डबेही उघडले नाहीत.

क्लबाच्या लोकांनी सरळ बंदी घातली नाही. मला वाटतं घालायला पाहिजे होती. तेही म्हातारेच, आज ह्यांची पाळी, उद्या त्यांची. बाजारवाला म्हातारा म्हणाला, एक माणूस शेजारी उभा राहील आणि एकेक वस्तू हातात देईल, तर चालेल. मग तो माणूस मीच झाले. म्हातारा पलीकडे उभा राहायचा आणि मी अलीकडे. उजव्या नळीचं सामान माझ्या एप्रनच्या उजव्या खिशात, डाव्या नळीचं डाव्या. एका बाराची दारू आधीच मोजून एकेका छोट्या कुपीत. खिसा रिकामा झाला की नळी भरली. भरल्यावर हे गज सोडायचे आणि आम्ही तिघं बघायचो. हे कुरकुरायचे.

"मला काय बाळ समजतेस?"

"बाळाच्या हातात कुणी बंदूक देत नाही. पुढची चकती घ्या."

एक उन्हाळा तसा निघाला. चांगला गेला, खोटं का बोलू? ह्यांच्या बशा आधीपेक्षा जास्त फुटल्या. हात आणि डोळा विसरले नव्हते. आणि मला पहिल्यांदा कळलं की ह्यात ह्यांना काय मिळतं. बशी सुटते तेव्हा माणूस दुसरं काहीच नसतो. कालचं आठवायचं नसतं आणि उद्याचंही. ह्यांना तेवढा वेळ कुठलाही आजार नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात, २०१९ लागल्यावर, एका रविवारी दोन्ही नळ्या भरून झाल्या. टोप्या बसल्या. ह्यांनी दोन्ही घोडे ओढले आणि बशी मागायची ती मागितलीच नाही. जागच्या जागी माझ्याकडे वळले. बंदूकही वळली. नळ्या माझ्या पोटासमोर. बोट चापावर.

"चहा झाला का गं?" ह्यांनी विचारलं.

चेहरा शांत होता, घरी स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात तसा.

"झाला," मी म्हटलं. "आधी ती वर करा."

"काय?"

"हातातलं. वर. आभाळाकडे."

ह्यांनी आज्ञाधारकपणे वर केली. म्हाताऱ्यानं मागून हात घालून बंदूक घेतली आणि घोडे हलकेच खाली बसवले. मी एप्रन काढून म्हाताऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "बास." तो शब्द त्याला येत होता. थालीपीठ वाढताना तो नेहमी म्हणायचा.

मुलीला मी घरी येऊन सांगितलं आणि म्हटलं, पोलिसांच्या बाईला बोलाव. तिनं दोन आठवडे घालवले. म्हणाली बाबा कोसळतील. म्हणाली किल्ली हळूच काढून घेऊ, बाबा विसरतील. मी म्हटलं, "विसरणाऱ्या माणसाच्या भरवशावर बंदूक ठेवायची?" मग तिनं फोन केला.

या वेळी आलेली बाई वेगळी, तरुण. ह्यांना पुन्हा बाहेर बसवलं. मुलगी सांगायला लागली, बाबांना हल्ली थोडं विसरायला होतं, आम्ही सगळे लक्ष ठेवतो, क्लबात लोक मदत करतात. बाई मान डोलवत लिहून घेत होती. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण एवढं समजतं. मी मध्येच म्हटलं, "नो. गन, ही फर्गेट. मी, हियर." आणि पोटावर बोट ठेवून दाखवलं. "फिनिश."

बाईनं लिहिणं थांबवलं.

ती गेल्यावर मुलगी रडली. "आई, अगं हेच हळू सांगता आलं असतं."

"हळू सांगितलं असतं, तर तिनं हळूच ऐकलं असतं."

लायसन गेलं. दारू आणि टोप्या म्हातारा घेऊन गेला. इतकी जुनी बंदूक नुसती शोभेला ठेवायची तर लायसन लागत नाही, म्हणून बंदूक राहिली, ती भिंतीवर टांगली. ज्या बारीक नळकांड्यांवर टोपी बसते ती दोन्ही म्हाताऱ्यानं काढून नेली, म्हणजे बार निघायचा प्रश्नच नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये ह्या देशात मशिदींत गोळीबार झाला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर बंदुकांचे कायदे कडक झाले, माणसं आपापल्या बंदुका सरकारकडे जमा करू लागली. त्याचा आमच्या बंदुकीशी संबंध नव्हता. पण जावयाला एक युक्ती सुचली. म्हणाला, "आई, बाबांना सांगा की सरकारनं सगळ्यांचंच बंद केलं. त्यांना वाईट वाटणार नाही." मुलगीही म्हणाली, तेच बरं.

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी खरं बोलण्याचा हट्ट धरते. तसं काही नाही. मी ह्यांना ओळखते. सरकारनं बंद केलं म्हटलं असतं, तर हे सरकारकडे गेले असते. आयुष्यभर युनियनमध्ये होते, अर्ज घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसले असते, रस्ता सापडला नसता आणि कुठेतरी हरवले असते. शिवाय सरकारशी भांडायची ह्यांची ताकद आता नाही. माझ्याशी भांडायची सवय आहे.

तर दर रविवारी दाढी करून हे विचारायचे, "आज क्लबाला जायचं ना?"

"नाही. तुमचं बंद झालं."

"कुणी केलं?"

"मी."

"तू? तुला कुणी विचारलं?"

"पोलिसांनी."

आणि मग व्हायचं. आवाज चढायचा, चष्मा आपटायचा, माझ्या माहेरचा उद्धार व्हायचा. दर वेळी ह्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि मलाही दर वेळी पहिल्यांदाच सांगावं लागत होतं. हे दुपारपर्यंत विसरायचे. मुलगी दाराआडून म्हणायची, "कशाला आई, दर रविवारी?" मी तिला म्हणायचे, तू ड्यूटीला जा.

एका रविवारी ह्यांनी विचारलं नाही. दाढीही केली नव्हती. खिडकीशी बसून होते. मी वाट बघितली. चहा दिला, पुन्हा वाट बघितली. शेवटी मीच म्हटलं, "आज क्लबाचं नाही विचारलंत?"

"कसला क्लब?"

मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. भिंतीवरची बंदूक काढून ह्यांच्या मांडीवर ठेवली. ह्यांनी तिच्यावरून हात फिरवला, पण ओळख दाखवली नाही.

"ही ठासणीची," मी म्हटलं. "हिच्यात आधी छर्रे घालायचे."

हे मांडीवरच्या नळ्यांकडे बघत राहिले.

"आधी छर्रे. मग वरून दारू. मग बोळा."

ह्यांनी मान वर केली. "काय बडबडतेस?"

"तसंच असतं. मी स्वतः बघितलंय."

"डोंबल बघितलंयस! आधी दारू. दारूवर बोळा, मग छर्रे. छर्रे खाली घातलेस तर पेट कसा घेणार?"

"सासरे आधी छर्रेच घालायचे."

"माझ्या बापानं?" हे उठून उभे राहिले, बंदूक हातात, चेहरा लाल. "माझ्या बापाला शिकवतेस तू? चौथी पास!"

मी म्हटलं, "तुमचे वडील विसरभोळे होते."

जेवणं थंड झाली तरी हे थांबले नाहीत. मीही नाही.